निनावी टपालाचा पहारेकरी

पत्र पेटींत टाकलें कीं तें पोंचेल, असें आपण गृहीत धरतों. साध्या टपालाविषयीं हा विश्वास अनाठायीं नाहीं. उत्तर आलें नाहीं तर आपण दुसरें पत्र लिहितों. मजकूर फारच महत्त्वाचा असेल तर पोंचपावती मागवितों. परंतु ज्या पत्रावर धाडणाराचें नांवच नाहीं, त्याची पोंच कोणीं कोणाला द्यावी? तें वाटेंत गहाळ झालें तर लिहिणाराला कळत नाहीं, आणि ज्याला पोंचावयाचें त्याला तर तें निघालें होतें हेंच ठाऊक नसतें. दोन्हींकडे सारखेंच मौन. अशा मुक्या टपालावर पहारा कसा ठेवतात, तें या महिन्यांत सांगावयाचें आहे.

निनावी पत्र म्हटलें कीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या निष्कारण नव्हेत. जुळत आलेलें लग्न अशा एका चिठ्ठीनें मोडल्याची हकीगत कोणत्याही गांवांत ऐकावयास मिळेल. तथापि या विषयाला दुसरेंही अंग आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामावरील इंजिनियर सत्येंद्र दुबे यांनीं २००२ सालीं त्या कामांतील गैरव्यवहार पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्रानें कळविला आणि आपलें नांव गुप्त राखावें अशी विनंती केली. पत्र नांवासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलें. २७ नोव्हेंबर २००३ रोजीं गया येथें त्यांचा खून झाला. खटल्यांत तो लुटारूंनीं केलेला खून ठरला. परंतु नांव उघडें पडलें ही गोष्ट त्यामुळें पुसली जात नाहीं. २००४ सालीं केंद्र सरकारनें ठराव करून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविल्या व तक्रारदाराचें नांव गुप्त ठेवण्याचें बंधन घातलें. मात्र तेथेंही पाकिटाच्या आंत नांव द्यावेंच लागतें. म्हणजे सारा भरंवसा अखेर कोणीतरी तोंड मिटून राहील यावरच.

पण ज्याला नांव ठाऊकच नाहीं, तो तें फोडील कसें? डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकानें १९८१ सालीं या दिशेनें उत्तर मांडलें. पत्र एका पाकिटांत, तें दुसऱ्यांत, तें तिसऱ्यांत असें घालावें. प्रत्येक पाकिटावर एकेका नाक्याचा पत्ता असावा. पहिल्या नाक्यानें वरचें पाकीट फोडावें, आंतलें पाकीट इतरांच्या पाकिटांत मिसळून कांहीं वेळ थांबवावें आणि क्रम मोडून पुढें धाडावें. पहिल्याला धाडणारा ठाऊक, पण मुक्काम ठाऊक नाहीं. शेवटच्याला मुक्काम ठाऊक, पण धाडणारा नाहीं. हीं पाकिटें अर्थात् कागदाचीं नव्हेत, गणिती कुलुपांचीं आहेत. १९९२ पासून अमेरिकेंतील हौशी मंडळींनीं असे नाके ई-मेलसाठीं प्रत्यक्ष उभे केले. त्यांना रीमेलर म्हणतात. फिनलंडमध्यें योहान हेल्सिंगियस यांचा रीमेलर १९९३ पासून बराच लोकप्रिय झाला. पण तेथें नाका एकच, आणि खरे पत्ते व टोपणनांवें यांची वहीही त्याच संगणकावर. १९९५ सालीं पोलिसांच्या मागणीमुळें त्यांना एका माणसाचा पत्ता द्यावा लागला, आणि १९९६ सालीं त्यांनीं तो नाका बंद केला. अशा अनुभवांमुळें जाणत्यांनीं एका नाक्याऐवजीं नाक्यांची सांखळी अधिक पसंत केली.

सांखळींत दुसरेंच दुखणें निघालें. हे नाके चालविणारे लोक पदरमोड करून ते चालवितात. कोणाचा संगणक बंद पडतो, कोणाची जोडणी जाते, कोणी कंटाळून काम सोडतो. घरांतील शाळकरी मुलांनीं पुढील हिशेब करून पाहावा. १०० पत्रांपैकीं ९० पोंचविणारा नाका चांगलाच म्हणावयाचा. पण असे तीन नाके ओळीनें आले कीं १०० चीं ९०, ९० चीं ८१ आणि ८१ चीं सुमारें ७३ पत्रें उरतात. २७ पत्रें गडप, आणि त्याबद्दल तक्रार करावयास कोणी नाहीं!

येथें पहारेकऱ्याचें काम सुरू होतें. त्याला पिंगर म्हणतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील राफ लेव्हिएन यानें हें काम नांवारूपाला आणलें. पुढें पीटर पाल्फ्रेडर याचा एकोलॉट हा प्रोग्रॅम यासाठीं प्रचारांत आला. युक्ति अगदीं साधी. पहारेकऱ्याचा संगणक प्रत्येक नाक्यामार्फत स्वतःलाच पत्र धाडतो. पत्रांत एक खूण व निघाल्याची वेळ असते. तें परत आलें कीं किती वेळ लागला तें नोंदावयाचें. आलें नाहीं तर तेंही नोंदावयाचें. कांहीं वेळानें पुन्हां तेंच. संगणकावर दुसरीं कामें चालूं असतांही हें काम मागें रात्रंदिवस चालतें. त्यावरून तक्ता होतो: गेल्या १२ दिवसांत अमुक नाक्यानें शेंकडा किती पत्रें पोंचविलीं व किती उशिरानें. दोन-दोन नाक्यांच्या जोड्याही तपासतात. कारण एकेकटे उत्तम चालणारे दोघे एकमेकांशीं मात्र बोलत नाहींत, असें पुष्कळदां घडतें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांना हें अधिक समजावून सांगावयास नको.

नोंद करणें सोपें. तिचा अर्थ लावणें तितकें सोपें नाहीं. पहिली गोष्ट, उशीर हा येथें नेहमींच दोष नसतो. पत्र रोखून, इतरांत नीट मिसळून मग सोडणारा नाका माग अधिक चांगला पुसतो. म्हणून उशिराच्या पत्राला हरवलेलें म्हणण्याची घाई करूं नये.

दुसरी गोष्ट पहारेकऱ्याच्या स्वतःच्या घराची. ‘जगांत जर्मनी, भारतांत परभणी’ असें आमच्या जिल्ह्यांत कौतुकानें म्हणतात. नाका जर्मनींत व पहारेकरी परभणींत, असें समजा. वळवाच्या पावसानें तारा तुटून रात्रभर वीज गेली, तर सकाळच्या तक्त्यांत जगांतील सारे नाके मेलेले दिसतील! एक नाका पडला तर त्याची चौकशी करावी. एकाच रात्रीं सगळे पडले तर आधीं आपल्या घरांतला दिवा पाहावा.

तिसरी गोष्ट शिक्षकांना सांगावयास नको. तपासणीचा दिवस आधीं कळला कीं शाळेचा फळा काळाभोर होतो आणि गैरहजर मुलेंही हजर होतात. पहारेकऱ्याचें पत्र ओळखूं आलें तर लबाड नाका तेवढेंच तत्परतेनें पोंचवील. म्हणून तें इतर पत्रांसारखेंच दिसलें पाहिजे. मिक्समास्टर नांवाच्या पद्धतींत सर्व पत्रांचा आकार सारखा ठेवतात, त्याचा येथें उपयोग होतो. तरी शेवटच्या नाक्याला मुक्कामाचा पत्ता दिसतोच. यास्तव पहारेकरी अनेक आणि एकमेकांपासून स्वतंत्र असावे. तीन हेरांची वार्ता जुळली तरच ती खरी धरावी, हा कौटिल्याचा दंडक या नव्या कामालाही लागू पडतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पत्र पोंचविणें निराळें आणि गुपित राखणें निराळें. एकही पत्र न हरवणारा नाका येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही लिहीत बसला असेल, तर तें कोणत्याही तक्त्यांत दिसत नाहीं. तक्ता पाहून बंद नाके टाळावे. परंतु उरलेल्यांतून निरनिराळ्या मालकांचे, निरनिराळ्या देशांतले नाके निवडण्याचें काम ज्याचें त्यानेंच केलें पाहिजे.

रीमेलरांचें हें जाळें आज फार विरळ झालें आहे. त्याच्याच पुढच्या पिढीवर काम केलेले रॉजर डिंगलडाइन व निक मॅथ्यूसन हे टॉर या आजच्या मोठ्या जाळ्याच्या निर्मात्यांपैकीं आहेत; आणि तेथेंही हजारों नाक्यांचें मोजमाप सतत चालूं असतें. साधन बदललें, पहाऱ्याची गरज संपली नाहीं.

अशा टपालाचा दुरुपयोग होतो हें मान्यच आहे. निनावी पत्रें नको असणाराचा पत्ता वगळण्याची सोय म्हणूनच पुष्कळ रीमेलर ठेवीत आले. पहारेकरी मात्र कोणाचें पत्र वाचीत नाहीं आणि कोणाची बाजूही घेत नाहीं. त्याचा तक्ता पाहून कोणी दूरचा माणूस बंद नाका टाळतो, आणि जीव मुठींत धरून लिहिलेलें त्याचें पत्र पोंचतें. तें कोणाचें होतें हें पहारेकऱ्याला कधींच कळत नाहीं. कळूं नये, याचसाठीं हा सारा खटाटोप.