गृह विभागास खुले पत्र : त्या चौघांचा तपास कुणी केला?

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सहा जणांना निर्दोष सोडले. सहाही जण भटक्या जमातीतले मजूर, आणि या प्रकरणात त्यांना फाशी ठोठावलेली होती. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असे न्यायालयाने सांगितले. त्याच निकालात गृह विभागासाठीही आदेश आहे. ज्या अधिकाऱ्यांच्या कसुरीमुळे हे घडले ते शोधून काढा, आणि ते अजून नोकरीत असतील तर तीन महिन्यांत त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करा. मी पालघर तालुक्यातल्या शिरगावचा रहिवासी आहे आणि हे पत्र त्या आदेशासंबंधी आहे.

मूळ घटना भयंकर होती. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले आणि बायकामुलींवर अत्याचार झाले. त्या घरातली आई जबर जखमी होऊन वाचली. दोन दिवसांनी, ७ जूनला, पोलिसांनी तिला रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले, आणि तिने त्यातले चार जण ओळखले. तपासाला याहून मोठा धागा कोणता मिळायचा? प्रत्यक्ष पाहिलेली बाई, घटनेला दोनच दिवस झालेले, चेहरे अजून डोळ्यांसमोर. पण तो धागा तिथेच सोडून दिला गेला. त्या चौघांची चौकशी झाली नाही, त्यांना आरोपी केले नाही. पुढे पकडले गेले ते हे सहा जण, ज्यांच्यापैकी एकही त्या चार फोटोंत नव्हता. फोटोंची ही गोष्ट सरकार पक्षाने न्यायालयापुढे नीट येऊ दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक ताशेरे ओढले आहेत.

मधल्या सोळा वर्षांचा हिशेब पाहा. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. २०१२ मध्ये कळले की त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. कायद्याने ज्याला फाशी देताच येत नाही, असा मुलगा वर्षानुवर्षे फाशीचा कैदी म्हणून तुरुंगात होता. आणि २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या सहा जणांना गुंतवण्यात आले. तीन पायऱ्यांची न्यायव्यवस्था, तिन्ही पायऱ्यांवर शिक्षा, आणि मुळाशी पोलिस ठाण्यातून पुढे न गेलेला एक कागद. न्यायाधीशांनीही चूक केली, हे मला दिसते. पण न्यायाधीशापुढे दोषारोपपत्रातून येईल तेवढेच येते. ते पत्र तुमच्या खात्यात तयार होते, म्हणून मी तुम्हालाच विचारतो आहे.

शिरगावात बसून नाशिकच्या खटल्याची उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. आमच्या जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे येतात आणि हंगाम संपला की उठून जातात. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली मुले एका खोलीत सात-आठ जण राहतात. कामावरून रात्री-अपरात्री परततात, खिशात पुरेसे कागद नसतात, मराठी धड येत नाही. कुठे चोरी झाली, कुठे खून झाला की गावाची नजर आधी त्यांच्याकडे वळते. ज्याच्यासाठी फोन करणारा सरपंच नाही, जामीन राहणारा पाहुणा नाही, त्याला उचलणे सगळ्यांत सोपे. नाशिकच्या त्या सहा जणांचे नेमके हेच झाले. म्हणून तो निकाल मला दूरच्या गावचा वाटत नाही.

याच पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये काय झाले, ते तुमच्या दप्तरी आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिले म्हणून एका तरुणीला, आणि ते आवडल्याची खूण केली म्हणून तिच्या मैत्रिणीला, पालघर पोलिसांनी अटक केली. देशभर गदारोळ झाला. काही दिवसांतच ठाणे ग्रामीणचे पोलिस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले, पुढे खटलाही बंद झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाखाली ती अटक झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दच केले. म्हणजे मनात आणले तर तुमचा विभाग दोन आठवड्यांत जबाबदारी ठरवू शकतो, हे आम्ही आमच्या गावात पाहिले आहे. तेव्हा कॅमेरे पालघरकडे वळलेले होते. नाशिकच्या सहा मजुरांकडे कुणाचे लक्ष नव्हते. जबाबदारी ठरण्यासाठी आधी गदारोळ व्हावा लागतो, ही स्थिती मला मान्य नाही.

आणि गदारोळ झाला तरी तपास नीट होतोच, असेही नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी चर्चगेटहून निघालेल्या सात लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मेली. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती. आमच्याकडचे लोक विरारला उतरून शटल पकडत, त्यामुळे त्या रात्री या पट्ट्यातल्या किती घरांत कुणी जेवले नाही. त्या खटल्यात २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाल्या, त्यांतल्या पाच फाशीच्या. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतला मजकूर जागोजागी जसाच्या तसा जुळतो, हे न्यायालयाने दाखवून दिले आणि छळाच्या तक्रारींतही तथ्य मानले. बारांपैकी एक जण तो निकाल ऐकायला राहिलाच नाही, २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडने गेला. राज्य सरकार अपिलात गेले आणि हा निकाल पुढच्या खटल्यांसाठी दाखला मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अपिलाचा तुम्हाला हक्क आहे. पण माझा प्रश्न अपिलापलीकडचा आहे. एकाच्या तोंडचे शब्द दुसऱ्याच्या जबाबात कसे आले, हे तुमच्या विभागाने स्वतःहून शोधायला कुठल्या न्यायालयाची परवानगी लागते?

मेलेल्यांच्या घरच्यांचे काय, हे मला सगळ्यांत जास्त टोचते. पोलिसांवर बोट ठेवले की लगेच म्हणतात, तुम्हाला आरोपींचा पुळका. मला त्या पेरूच्या बागेतल्या आईचा पुळका आहे. तिने ओळखलेल्या माणसांना पोलिसांनी मोकळे सोडले आणि सोळा वर्षे भलत्यांनाच तिचे गुन्हेगार म्हणून तुरुंगात ठेवले. खोट्या तपासाने निर्दोष माणूस आत जातो तेव्हा खरा खुनी बाहेर राहतो, कदाचित पुढच्या गुन्ह्यासाठी.

तपास अधिकाऱ्यांवरचा दबाव मी जाणतो. खून झाला की वरून फोन सुरू होतात. ‘चोवीस तासांत छडा’ अशी बातमी छापून येते, बुरखे घातलेले आरोपी मध्ये आणि मागे अधिकाऱ्यांची रांग असा फोटो येतो, बक्षिसे जाहीर होतात. दहा वर्षांनी आरोपी सुटला तर आतल्या पानावर चार ओळी येतात, आणि तोवर अधिकारी बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. जोवर पकडण्याला बक्षीस आहे आणि चुकीच्या माणसाला पकडण्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही, तोवर प्रामाणिक तपास करणारा फौजदार मागेच पडणार. असे फौजदार आहेत आणि त्यांच्यासाठीही हे बदलले पाहिजे.

त्यासाठी नवा कायदाच हवा, असेही नाही. ७ जानेवारी २०१४ रोजी ‘गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याच्या गृह विभागाला बजावले की खटल्यातून आरोपी सुटला की तपास कुठे चुकला ते पोलिस आणि अभियोग पक्षाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीने तपासावे आणि दोषी अधिकाऱ्यावर कारवाई करावी. त्याच न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या आदेशाने प्रत्येक पोलिस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायचे आहेत आणि चित्रीकरण दीड वर्ष, निदान वर्षभर जपायचे आहे. नव्या कायद्याची गरज आहे ती भरपाईसाठी. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली आहे. तरीही विनाकारण अटक करवणाऱ्याकडून भरपाई देवविण्याचे जे कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, ते नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९९ म्हणून जसेच्या तसे आले आहे. त्यातली कमाल रक्कम आहे एक हजार रुपये. बोईसरच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराची दोन-तीन दिवसांची मजुरी.

म्हणून आपल्याकडे मागणी अशी. अंकुश शिंदे खटल्याच्या निकालानंतर आपल्या विभागाने कोणत्या अधिकाऱ्यांवर काय कारवाई केली आणि त्या आईने ओळखलेल्या चौघांचा तपास कुठवर आला, हे नावनिशीवार प्रसिद्ध करा. किशनभाई निकालाप्रमाणे तपासलेल्या खटल्यांचा जिल्हावार अहवाल दरवर्षी मराठीतून लोकांपुढे ठेवा, आणि सुरुवात पालघर जिल्ह्यापासून करा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर तो लागला की मी आणि माझ्यासारखे अनेक जण तो वाचायला येऊ.

आपला,
शिरगाव (ता. जि. पालघर) येथील एक रहिवासी