गरम पोळी हवी? तव्यापाशी उभे राहा

कामाच्या दिवशी रात्री एकाच कढईत शिजवलेली कोंबडी आणि पास्ता हे चार माणसांचं पूर्ण आणि पोटभर जेवण आहे. त्याला ‘हे का जेवण होय?’ म्हणून नाक मुरडणारा माणूस चवीबद्दल बोलतच नसतो. त्याला आपल्या ताटाशेजारी एक बाई उभी हवी असते. मी हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्यात राहून, नोकरी सांभाळून, रोजचा स्वयंपाक करून लिहिते आहे. कुणाला राग येत असेल तर खुशाल यावा.

आमच्या तालुक्यातली संध्याकाळ एकदा नीट पाहा. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी जोरात येते. बायका सकाळी डबा बांधून ऑटोत दाटीवाटीने बसून शेतावर जातात आणि दिवेलागणीला परततात. मजुरी किलोवर, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत आणि घरांची घड्याळं त्यांच्या शिफ्टवर चालतात. कुणी दुपारी घरी येतो, कुणी मध्यरात्री, नाइटवाल्याचा डबा संध्याकाळीच भरावा लागतो. अंगणवाडी सेविका, आशाताई, नर्स, शिक्षिका, दुकान सांभाळणाऱ्या बाया सहा-सातच्या सुमारास घरात शिरतात. पर्स खुंटीला लागत नाही तोच प्रश्न येतो, ‘आज काय आहे?’ उत्तरात वरण, भात, भाजी, पोळ्या एवढं तरी हवंच. कोंबडी आणली असेल तर वर तर्री आलेला रस्साही हवा.

जे रस्सा फक्त खातात त्यांना तो होतो कसा, ते सांगते. कांदा आणि सुकं खोबरं भाजायचं, धणे-खसखस परतायची, सगळं वाटायचं, वाटण तेल सुटेपर्यंत हलवत राहायचं, मग कोंबडी शिजवायची. दुसऱ्या शेगडीवर भात. तो उतरला की कणीक मळायची, बारा-पंधरा पोळ्या लाटायच्या, भाजायच्या. शेवटी कढई, कुकर, मिक्सरचं भांडं, परात, पोळपाट, तवा घासायला बसायचं. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. रात्री आठ वाजताही स्वयंपाकघराच्या भिंतींना हात लावला तर चटका बसतो. त्या खोलीत दोन शेगड्या पेटवून दीड-दोन तास उभं राहायचं. रविवारी हे करायला माझी ना नाही. रविवारचा रस्सा मलाही प्रिय आहे. बुधवारी रात्री त्याची मागणी करणं हा मात्र शुद्ध माज आहे.

आणि या सगळ्यात सर्वांत अन्यायाची वस्तू कोणती, तर गरम पोळी. तिच्यावर कुणी बोलत नाही. पानात गरम पोळी पडायची असेल तर जेवणारे जेवत असताना कुणीतरी तव्यापाशी उभं असावंच लागतं. या मागणीत दुसरी सोयच नाही. म्हणून आपल्या घराघरांत स्वयंपाक करणारी बाई शेवटी जेवते. ती बसते तेव्हा पोळी गार झालेली असते, रश्श्यातले तुकडे संपलेले असतात, उरलेली असते ती तर्री आणि एखादी मान नाहीतर पंखाचं हाड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना, सुमारे ५४ टक्क्यांना, रक्तक्षय निघाला. त्याची कारणं अनेक आहेत. पण ज्या घरात जेवणाचा क्रमच बाईला शेवटी बसवतो, त्या घराने निदान हळहळ व्यक्त करू नये.

एका कढईतलं जेवण हा क्रम मोडतं. माझ्या लेखी त्याचं सगळ्यात मोठं मोल हेच आहे. वेळ वाचतो ही नंतरची गोष्ट. कढई मधे येते, चौघांची ताटं एकदम वाढली जातात, गॅस बंद असतो आणि जिने केलं ती पहिल्या घासाला हजर असते. तुकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाटले जातात. ज्यांना हे खुपतं त्यांनी आपल्याला नेमकं काय खुपतं ते आरशासमोर उभं राहून स्वतःला विचारावं.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना आढळल्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. त्यातही दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायका ८१ टक्के होत्या आणि पुरुष जेमतेम २६ टक्के. म्हणजे चारातले तीन पुरुष कपसुद्धा विसळत नाहीत, आणि तेच ताटावर बसून चार पदार्थ मोजतात. बाईला पाच तासांचा मोबदला म्हणून काय मिळतं? ‘तुमच्या हाताला चव आहे’, ‘घरची अन्नपूर्णा’. ही पदवी मला नको. मला अर्धा तास लवकर बसायला मिळू द्या.

आता ती कढई. कोंबडीच्या दुकानात सांगायचं, लेग पीस द्या आणि बारीक तुकडे करा. छातीचं मांस या पद्धतीत कोरडं पडतं, मांडीचं रसदार राहतं. चार माणसांना अर्धा किलो पुरते, कारण पोट भरण्याचं निम्मं काम पास्ता करतो. गावरान कोंबडी या कामाला घेऊ नका. तिला शिजायला वेळ लागतो, तिची जागा रविवारी. जाड बुडाची, झाकणाची कढई चांगली तापू द्या. दोन मोठे चमचे तेल घाला, हळद-मीठ लावलेले तुकडे एका थरात ठेवा आणि तीन-चार मिनिटं त्यांना अजिबात हलवू नका. इथेच बहुतेकांचा हात वळवळतो आणि पदार्थ बिघडतो. तुकडा बुडाला चिकटून तांबूस झाला की आपणहून सुटतो, आणि बुडाला जो तपकिरी थर राहतो तोच या जेवणाचा मसाला आहे. त्यासाठी खोबरं भाजावं लागत नाही, वाटण लागत नाही.

तुकडे कडेला सारा. मधे दोन कांदे, अद्रक-लसूण, लाल तिखट आणि तीन-चार पिकले टमाटर टाका. टमाटराला पाणी सुटलं की कालथ्याने बूड खरवडून घ्या. मग अडीचशे ग्रॅम कोरडा पास्ता तसाच टाका आणि वरून पाऊण लिटर उकळतं पाणी, चवीला मीठ. झाकण ठेवून मध्यम आचेवर शिजवा आणि दर दोन मिनिटांनी तळापासून हलवा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. भरपूर पाण्यात पास्ता उकळून ते पाणी मोरीत ओतलं की त्यातला स्टार्च वाया जातो. इथे तो कढईतच राहतो आणि रस दाट करतो, म्हणून साय, चीज, मैदा काही लागत नाही. हाडाजवळ गुलाबी दिसता कामा नये आणि तुकडा टोचला की रस नितळ यायला हवा. कोंबडीचा आतला भाग ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. उतरवताना लिंबू पिळा, मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाका. घासायला एक कढई, एक कालथा, एक सुरी.

याला किती वेळ लागतो? कांदा सोलण्यापासून ताट वाढेपर्यंत चाळीस मिनिटं. पंधरा मिनिटांत होतं असं जे सांगतात ते धडधडीत खोटं बोलतात. त्यांच्यासमोर कांदा चिरलेला, लसूण सोललेला, कोंबडी धुतलेली असते, कारण ते काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं असतं. तिचा वेळ मोजायचाच नाही, ही सवय आपल्या घरातल्या पुरुषांची आणि पाककृती विकणाऱ्यांची एकच आहे. त्यात वर थाइम आणा, पार्मेझान आणा, ताजी क्रीम आणा. कोरपन्याच्या किराणा दुकानात हे मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणून काही अडतही नाही. ज्या पदार्थाचा सगळा अर्थ सोय हा आहे त्यासाठी बाईला चंद्रपूरला धाडणारी पाककृती फाडून टाकावी.

‘हे आपलं नाही,’ असं दुसऱ्या बाजूने येतं. विदर्भात जन्म काढलेल्या माणसाने हे म्हणावं? उन्हाळ्यात आमच्या आया-आज्या कणकेची पट्टी बारीक काडीला गुंडाळून सरगुंडे करायच्या, वाळवून डब्यात भरायच्या, पाण्यात उकडून आमरसासोबत वाढायच्या. पिठाची पोकळ नळी वाळवून ठेवायची आणि हवी तेव्हा उकडायची, याला इटलीची परवानगी लागली नव्हती. उकळत्या वरणात कणकेचे तुकडे सोडून होणारी वरणफळं तर एकाच गंजात शिजतात आणि दमून आलेल्या दिवशीच केली जातात. पास्त्याला लागतो तो ड्युरम गहू. शेवयांचा रवा ज्या बन्सी गव्हाचा काढतात तो त्याच जातीचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ३९४९ आणि एमएसीएस ४०२८ हे ड्युरमचे वाण तयार केले आहेत. तेव्हा परकेपणाचं सोंग पुरे.

कमी पाण्यात, एका भांड्यात पास्ता शिजवण्याची कल्पनाही कुण्या फॅशनवाल्याची लहर नाही. स्वयंपाकाच्या विज्ञानावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅकगी यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये प्रयोग करून दाखवलं की पातेलंभर पाण्याचा आग्रह बिनकामाचा आहे. २०१३ मध्ये मार्था स्ट्युअर्ट यांच्या मासिकाने एका भांड्यातला पास्ता छापला आणि तो जगभर पसरला. तिकडेही परंपरेच्या नावाने बोटं मोडणारे निघाले. दुसऱ्याच्या श्रमावर परंपरा राखणारी जमात कोणत्याही एका देशाची नाही.

भाकरीचा मुद्दा राहिला. ज्वारीची भाकर उत्तम अन्न आहे, याबद्दल वाद नाही. पण आमच्या शिवारात कापूस आणि सोयाबीन उभं आहे, आणि ज्वारी पेरायचं सोडलं तेव्हा कुणाला संस्कृती आठवली नाही. रेशनचा गहू आला तसा ताटातून भाकरीचा मान पोळीने घेतला, तोही निमूट चालला. बाईचा एक तास वाचणार म्हटल्यावर मात्र सगळ्यांना भाकर आठवते. ज्याला बुधवारी भाकर हवी त्याने परातीत पीठ घ्यावं, ऊन पाणी घालावं आणि थापावी. दोन हात त्यालाही आहेत.

मैद्याची तक्रार तेवढी खरी आहे, आणि तिचा उपाय सोपा आहे. पाकीट उलटं करून वाचा. पहिला घटक रवा किंवा ड्युरमचा रवा असेल तर घ्या, मैदा असेल तर परत ठेवा. गाजर, घेवडा, पालक याच कढईत जातात. शंभर ग्रॅम कोंबडीच्या मांसात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे ताटभर भात आणि पातळ वरण खाऊन झोपण्यापेक्षा हे जेवण बाईच्या अंगाला नक्की जास्त लागतं. सोमवार, गुरुवार, शनिवार, श्रावण पाळणाऱ्यांनी पाळावा. त्या दिवशी कोंबडीच्या जागी भिजवून पिळलेल्या सोयाबीनच्या वड्या टाका, बाकी कृती तीच. आपल्याच मातीतलं सोयाबीन, जे आपण पोत्याने विकतो आणि ताटात घेत नाही.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. आठवड्यातले किमान दोन दिवस घरात एकच भांडं चढेल, हे ठरवून टाका. कुणाची परवानगी मागू नका. जी परवानगी मागितली जाते ती नाकारता येते. मुलीला शिकवाल ते मुलालाही शिकवा. दहावीतला पोरगा कांदा चिरू शकतो, पास्त्याला पाणी मोजू शकतो, कढई घासू शकतो. त्याला ते येत नसेल तर दोष आपल्या वळणाचा. आणि कुणी ताट बाजूला सारून ‘मला पोळी लागते’ म्हणाला, तर त्याला कणकेचा डबा कुठे आहे ते दाखवा आणि तुम्ही जेवायला बसा. धडधाकट माणूस एका रात्रीच्या उपासाने मरत नाही. बायका कित्येक पिढ्या अर्धपोटी झोपल्या, तेव्हा कुणाला त्याची काळजी वाटली नव्हती.