आराखड्यात हंडा कुठे आहे?



हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा उन्हाळा तोंडावर आलेला असेल. धरणात किती टक्के साठा उरला, कपात कधीपासून, टँकरचा दर काय, या बातम्या दरवर्षीप्रमाणे सुरू होतील. त्या वाचताना तुमच्यातल्या पुष्कळजणींच्या मनात येईल की यात नवीन ते काय! नवीन काही नाही, म्हणूनच हा विषय घेतला आहे.

काही दिवसांपूर्वी मी एका चर्चासत्राला गेले होते. विषय होता 'वाढत्या शहरांतील पाण्याचे एकात्मिक व्यवस्थापन'. पडद्यावर एक सुंदर वर्तुळ दाखवलं गेलं. धरण, जलवाहिनी, नळ, गटार, शुद्धीकरण केंद्र, खाडी, ढग, पाऊस आणि पुन्हा धरण. प्रत्येक टप्प्यावरून पुढच्या टप्प्याकडे बाण. मी विचारलं, "नळापासून घरातल्या पिंपापर्यंतचा बाण यात कुठे आहे?" थोडी हसाहशी झाली. बोलणारे गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, "ताई, तो सामाजिक प्रश्न झाला. आपण आज तांत्रिक बाजू बघतोय."

त्याच आठवड्यात मी एका वस्तीत गेले होते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्ही तुमच्या शहराचं घाला. तिथे पहाटे साडेतीनला पाणी येतं आणि चाळीस मिनिटांत जातं. नववीतली एक मुलगी रोज तीनला उठते. आई धुणीभांडी करून रात्री उशिरा येते, तिला उठवत नाही असं ती म्हणाली. "शाळेत पहिल्या तासाला झोप येते, पण पहिला तास गणिताचा आहे," हेही तिनेच सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, वेळापत्रक सांगावं तसं. भाऊ कुठे असतो, असं मी विचारलं तेव्हा मात्र तिला हसू आलं.

जो बाण चर्चासत्रात सामाजिक म्हणून बाजूला ठेवला गेला, तो या मुलीच्या कमरेवर आहे.

एक साधा हिशेब करू. मुंबईत वर्षानुवर्षं झोपडीतल्या माणसासाठी दिवसाला 45 लिटर आणि इमारतीतल्या माणसासाठी 135 लिटर असं मोजमाप धरलं गेलं. पाच माणसांच्या झोपडीला 225 लिटर झाले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर रोजचे पंधरा हंडे, म्हणजे सव्वादोनशे किलो वजन. इमारतीत हेच वजन पंप उचलतो आणि त्या विजेचं बिल सोसायटीच्या जमाखर्चात येतं. वस्तीत ते बाई उचलते आणि ते कुठल्याच जमाखर्चात येत नाही. आपल्या देशात वेळेच्या वापराचं देशव्यापी सर्वेक्षण पहिल्यांदा 2019 साली झालं. त्यात दिसलं की बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि ते काम करणारे पुरुष 97 मिनिटं. पाण्याची रांगही असंच बिनमोलाचं काम आहे. ती शहराच्या पाणीयोजनेत मात्र नाही.

आता 'एकात्मिक' या शब्दाकडे वळते, कारण हा शब्द आपण हातचा जाऊ देऊ नये असं मला वाटतं. त्याचा अर्थ अगदी साधा आहे. शहरात चार प्रकारचं पाणी असतं. लांबून आणलेलं धरणाचं, छपरावर पडणारं पावसाचं, जमिनीखालचं आणि एकदा वापरून झालेलं. ही चारही पाणी एकाच हिशेबात धरायची, हे एकात्मिक व्यवस्थापन. आपल्याकडे पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं, पर्जन्य जलवाहिन्यांचं वेगळं, मलनि:सारणाचं वेगळं, कचऱ्याचं आणखी वेगळं. कचरा उचलला नाही तर नाला तुंबतो, नाला तुंबला की सांडपाणी घरात शिरतं, शेजारून जाणाऱ्या जुन्या पाइपात ते झिरपतं आणि काही आठवड्यांनी वस्तीत कावीळ येते. खाती चार आहेत, पण आजारी पोराच्या उशाशी बसणारी बाई एकच.

मुंबईचं उदाहरण घेते. 1860 साली विहार तलावाचं पाणी शहरात आलं. मग तुळशी, 1892 साली तानसा, पुढे मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि 2014 साली मध्य वैतरणा. शहर वाढलं की आणखी लांबचं धरण, हा दीडशे वर्षांचा शिरस्ता. या काळात शहराने स्वतःचं पाणी मात्र गमावलं. धोबीतलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक ही आज फक्त बसस्टॉपची आणि नाक्यांची नावं उरली. मलेरियाच्या भीतीने गेल्या शतकाच्या सुरुवातीला कितीतरी विहिरी बंद झाल्या. दर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो समुद्रात जातो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, मिठीकाठच्या वस्त्या बुडाल्या. जुलैत पाण्याने मारायचं आणि मे महिन्यात पाण्यासाठी, असं हे चक्र आहे. 2002 पासून मोठ्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवणं सक्तीचं झालं. ती सक्ती नकाशा मंजूर होईपर्यंत असते की नंतरही, हे आपल्या भागातल्या एखाद्या इमारतीत जाऊन जरूर बघा. शिवाय धरणातून निघालेल्या पाण्याचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग गळती आणि चोरीत जातो. एवढं पाणी मध्य वैतरणेच्या 45 कोटी लिटरांच्या दुप्पट भरेल. म्हणजे पाइप नीट केले तर दोन धरणांचं पाणी शहरातच सापडेल.

आता या धरणांच्या गावाला जाऊ. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसातून येतं. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत. याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं, पण काळ्या कातळावरून वाहून जातं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरी तळाला लागतात. आदिवासी बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चालतात आणि मुंबईच्या जलवाहिन्या त्याच तालुक्यातून शहराकडे जातात. आता गारगाई नदीवर नव्या धरणाचा प्रस्ताव आहे, तोही आदिवासी मुलखात. शहरातल्या वस्तीची बाई आणि पाड्यावरची बाई यांना एकमेकींसमोर उभं करून, "तुला पाणी हवं तर तिचं जंगल बुडवावं लागेल," असं आपल्याला सांगितलं जाईल. या भांडणात आपण पडायचं नाही. हे मुंबईपुरतं नाही. पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर पुरेना, म्हणून भामा आसखेडपर्यंत हात लांबवला गेला.

एकात्मिक विचाराचा खरा उपयोग इथे आहे. वापरलेलं पाणी शुद्ध करून बांधकामाला, बागांना, कारखान्यांना, संडासच्या टाक्यांना दिलं तर तेवढं धरणाचं पाणी पिण्यासाठी मोकळं होतं. मुंबईत सांडपाणी शुद्धीकरणाच्या सात मोठ्या केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी 2023 मध्ये झालं. त्यांची मिळून क्षमता दिवसाला 246 कोटी लिटर. यातलं किती पाणी पुन्हा वापरात येणार आणि किती खाडीत सोडलं जाणार, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे. नव्या धरणाची फाइल उघडण्याआधी गळतीची, पावसाची आणि सांडपाण्याची फाइल उघडा, ही मागणी वस्तीची बाई आणि पाड्यावरची बाई दोघी मिळून करू शकतात.

खरं तर घरात बाई हेच करत आली आहे. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपडे खळबळलेलं पाणी मोरी धुवायला, पहिल्या पावसाला पागोळ्यांखाली पिंप. पण याचं कौतुक करताना मला भीती वाटते. ही काटकसर तिच्यावर लादलेली आहे. 'स्त्रिया उपजतच पाणी जपतात' असं एकदा म्हटलं की जपण्याचं काम त्यांच्याच गळ्यात पडतं. 1992 साली डब्लिनच्या जलपरिषदेने पाण्याच्या व्यवस्थेत स्त्रियांची भूमिका मध्यवर्ती असल्याचं तत्त्व मांडलं. त्यानंतर समित्या झाल्या, बायांना बोलावणं आलं. पण कशाला? रांगेत शिस्त ठेवायला, पाणीपट्टी गोळा करायला, शेजारणीला नळ बंद कर म्हणून सांगायला. पाइप कुठून जाईल, पाणी किती वाजता सुटेल, कंत्राट कुणाला मिळेल, हे ठरवायला नाही. फुकटचं आणखी एक काम म्हणजे सहभाग नव्हे, एवढं आपण आपसात तरी स्पष्ट करून घेऊ.

आणखी एक गोष्ट. पाण्याच्या रांगेला जात असते. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, 1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आजही नळाची लाइन वस्तीच्या कुठल्या टोकाला संपते आणि तिथे कोण राहतं ते बघा. पाण्याच्या वर्तुळाचा दुसरा अर्धा भाग, गटाराचा, कोण साफ करतं तेही बघा. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली पुन्हा झाला, तरी गटारात उतरलेल्या माणसाच्या मरणाची बातमी येतेच. त्याच्या मागे राहिलेली बाई एकात्मिक आराखड्यात कुठे आहे? आणि संडास नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बायका? 2011 मध्ये मुंबईत 'राइट टू पी'ची मोहीम सुरू झाली ती याच दुखण्यातून.

हे सगळं वाचून हताश व्हायचं कारण नाही. आपल्या पाठीशी मोठा वारसा आहे. गोरेगावच्या मृणालताई गोरे 1961 साली महापालिकेत गेल्या आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोकांनी त्यांचं नावच 'पाणीवाली बाई' ठेवलं. 1972 साली अहिल्याताई रांगणेकर आणि मृणालताईंच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन बाया रस्त्यावर आल्या. 1977 ला मृणालताई लोकसभेत गेल्या तेव्हाची घोषणा जुन्या कार्यकर्त्यांच्या आजही ओठांवर आहे, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!' अलीकडची लढाईही सांगते. झोपडी अमुक तारखेनंतरची म्हणून तिला पाणी नाही, या नियमाविरुद्ध पाणी हक्क समिती मुंबई उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला तहानेलं ठेवता येणार नाही. 2022 मध्ये मुंबईत 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आलं. धोरण आलं म्हणजे नळ आला असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आता दारात उभं राहून मागायला एक कागद आहे.

74व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या सभागृहात बायांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने 2011 साली त्या निम्म्या केल्या. आपल्या वॉर्डाची नगरसेविका पाण्याच्या अंदाजपत्रकावर काय बोलते, हे विचारायला जायला हवं. तिला त्या आकड्यांची भाषा परकी वाटत असेल तर तिच्याबरोबर बसून ती शिकायला हवी. मार्च 2022 नंतर मुंबईत बराच काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. तेव्हा जाब विचारायला समोर कुणी नसलं की काय होतं, ते वस्त्यांनी पाहिलं आहे.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने एक काम सुचवते. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीत एक आठवडा 'पाण्याची वही' ठेवावी. पाणी किती वाजता आलं, किती वेळ होतं, कुणी भरलं, किती हंडे, किती पैसे मोजले, त्यापायी काय बुडालं, शाळा, रोज की झोप. घरातल्या पुरुषाने किती हंडे भरले, त्यासाठीही एक रकाना ठेवा, तो रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा. शहापूर, मोखाड्याकडच्या मैत्रिणींनी विहिरीपर्यंतचं अंतर लिहावं. वह्या आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात त्या एकत्र मांडू आणि मग वॉर्ड ऑफिसात घेऊन जाऊ.

त्या मुलीला मी वही दिली आहे. पहिल्या पानावर तिने लिहिलंय, 'पाणी 3.35, गेलं 4.10. हंडे नऊ. सहा कमी पडले.' खाली वर्गपाठाचं एक गणित सोडवलेलं आहे, रांगेत उभ्या उभ्या. उत्तर बरोबर आहे.

तुमच्या वह्यांची वाट पाहते आहे.