सायनसच्या नावावर खपणारी अर्धशिशी

"मला सायनस आहे" हे वाक्य आपल्याकडे लोक आडनाव सांगावे इतक्या सहजतेने सांगतात. आभाळ भरून आले, एसीचा झोत अंगावर आला, न्हाल्यावर केस ओले राहिले, की भुवयांच्या मागे ठणका सुरू होतो. मग वाफ, बाम, कपाळावर सुंठीचा लेप. आणि तरीही उतार पडला नाही तर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून अँटिबायोटिक. माझे म्हणणे असे की, पुन्हा पुन्हा येणारी, दोन-तीन दिवसांत आपली आपण जाणारी आणि मधल्या काळात माणसाला ठणठणीत ठेवणारी ही डोकेदुखी बहुतेक वेळा सायनसची नसतेच. ती अर्धशिशी असते.

समोरच्या बाजूकडे पुरावे नाहीत असे नाही. पहिला पुरावा जागेचा. दुखते कपाळात, गालांत, डोळ्यांच्या खोबणीभोवती. सायनसच्या पोकळ्याही तिथेच. मग आणखी काय हवे? पण कपाळ, गाल, वरचे दात, सायनसचे अस्तर आणि मेंदूच्या आवरणाचा मोठा भाग या सगळ्यांच्या संवेदना वाहून नेते ती एकच नस, ट्रायजेमिनल. अर्धशिशीत खवळते तीच. हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात दुखतो म्हणून कुणी हाताचा एक्स-रे काढत बसत नाही. मग गाल दुखला की सायनसवरच बोट का ठेवायचे? "माझे तर दोन्ही बाजूंना दुखते, मग अर्धशिशी कशी?" हा आक्षेपही नेहमीचा. नावात अर्ध आहे, पण नियम तसा नाही. अनेकांचे कपाळ दोन्हीकडून ठणकते, लहान मुलांचे तर बहुधा दोन्हीकडूनच.

दुसरा पुरावा जास्त वजनदार वाटतो. डोके दुखताना नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, तेव्हा दोष नाकाचाच असणार! इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. ट्रायजेमिनल नस चेतवली गेली की मेंदूच्या तळाशी एक प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते, नाकाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगतात, नाक बंद होते आणि डोळे पाझरतात. म्हणजे चोंदलेले नाक हे अर्धशिशीचेच एक लक्षण असू शकते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणारे किंवा डॉक्टरांनीच तसे सांगितलेले २,९९१ लोक तपासले गेले. त्यांतल्या ८८ टक्क्यांची डोकेदुखी अर्धशिशीच्या प्रकारात बसली, आणि बहुसंख्यांना नाक चोंदण्याचा त्रास होताच. यावर कुणी म्हणेल, संसर्गाची चिन्हे असलेल्यांना त्या अभ्यासातून आधीच वगळले होते. बरोबर आहे. पण दुखणे आले की नाकातून पू नाही, ताप नाही, अशीच तर आपल्या "सायनसवाल्यां"ची बहुतेक वेळा गत असते!

हवेचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. उन्हाची तिरीप, पावसाळी कुंद हवा, उग्र अत्तर, जागरण, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत रिकामे पोट ही अर्धशिशीला उठवणारी ओळखीची कारणे. न्हाण्याबद्दल तर आपल्याकडचीच नोंद आहे. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी ९४ भारतीय रुग्णांमध्ये डोक्यावरून न्हाल्यानंतर अर्धशिशी उठते हे नोंदवले आणि २००६ साली ते प्रसिद्ध केले. "ओल्या केसांनी सायनस भरला" असे आजवर किती घरांत म्हटले गेले असेल!

उरला एक्स-रे आणि सीटी स्कॅन. "रिपोर्टमध्ये सूज आली आहे" या वाक्यापुढे भलेभले गप्प होतात. पण साध्या सर्दीनंतर किंवा ॲलर्जीमुळे सायनसचे अस्तर थोडे जाड दिसणे अगदी सामान्य आहे, ज्यांचे डोके कधीच दुखत नाही त्यांच्याही स्कॅनमध्ये ते दिसते. नाकाचा पडदा किंचित वाकडा असणे हेही तसेच. स्कॅनमध्ये काही दिसणे आणि तेच दुखण्याचे कारण असणे यांत बरेच अंतर आहे.

आणि "अँटिबायोटिकने बरे वाटते" हा हुकमी एक्का? उपचार न केलेला अर्धशिशीचा झटका ४ ते ७२ तास टिकतो. दुसऱ्या दिवशी गोळ्या सुरू केल्या तर तिसऱ्या दिवशी डोके उतरणारच होते. श्रेय गोळीला मिळाले, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तीच चिठ्ठी बाहेर आली. खऱ्या जंतुसंसर्गाचा असा महिन्याच्या महिन्याला येण्याचा, त्यातही पाळीच्या तारखा सांभाळून येण्याचा शिरस्ता नसतो.

मग हा समज इतका चिवट का? मला वाटते, सायनसला घरात मान आहे. त्याची फिल्म निघते, त्याला सूज असते, ती सासूला दाखवता येते. अर्धशिशीचे काहीच दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत डोक्याला ओढणी बांधून पडलेल्या बाईला "कामाच्या वेळीच कसे दुखते" हे ऐकावे लागते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळतो, म्हणून ही टोमणेबाजी जास्त बोचरी. बंगळुरू परिसरात झालेल्या एका मोठ्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २५ टक्के निघाले. इतकी माणसे नाटक करीत नाहीत.

सायनसचा आजार खोटा आहे असे मात्र मी म्हणत नाही. सर्दी दहा दिवसांपुढे लांबली, किंवा बरी होता होता उलटली, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव, ताप, वास न येणे, वरच्या दाढांत कळ अशी लक्षणे दिसली, तर तो सायनसचा संसर्ग असू शकतो. त्याला उपचार हवेत. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस हा सायनसमधला बुरशीचा संसर्गही पाहिला. मधुमेह्याचा चेहरा दुखून सुजू लागला, नाकातून काळसर स्राव आला, तर एक दिवसही थांबू नये.

पण एरवीच्या डोकेदुखीला तीन प्रश्न विचारावेत. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एखादा दिवस तरी काम अडले का? दुखताना मळमळते का? उजेड सहन होत नाही का? अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००३ साली पारखून घेतलेली ही चाचणी आहे. तिन्हींपैकी दोन उत्तरे "हो" असली तर अर्धशिशीची शक्यता फार मोठी. जिना चढताना ठणका वाढतो का, आईलाही असेच दुखायचे का, लहानपणी घाटात एसटी लागायची का, हेही विचारावे. शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण अर्धशिशीच्या रुग्णांत गाडी लागण्याचे प्रमाण खरोखरच जास्त असते.

नाव बदलल्याने उपचार बदलतात, म्हणून हा वाद घालायचा. अर्धशिशीत वेदनाशामक झटक्याच्या सुरुवातीलाच घ्यायचे असते. ट्रिप्टान गटातली औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात, हृदयविकार असणाऱ्यांना ती चालत नाहीत. झटके वारंवार येत असतील तर ते टाळणारी वेगळी औषधे आहेत. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ दिवस किंवा जास्त, मिश्र गोळ्या १० दिवस किंवा जास्त, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेत राहिले तर त्या गोळ्यांमुळेच डोके रोज दुखू लागते. सर्दी-सायनसच्या नावाने घेतलेल्या गोळ्याही या हिशेबात धरायच्या. क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेली, तापाबरोबर मान ताठ करणारी किंवा हात-पाय लुळे पाडणारी डोकेदुखी मात्र या वादात धरू नका, थेट रुग्णालय गाठा.

बाकीच्यांनी कॅलेंडरवर दुखण्याचे दिवस, पाळीचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या लिहून ठेवाव्यात आणि ते पान डॉक्टरांपुढे ठेवावे. केवळ डोकेदुखीसाठी कुणी नाकाचे ऑपरेशन सुचवले असेल, तर तारीख घेण्याआधी एकदा न्यूरॉलॉजिस्टचे मत घ्या.