हळदीला डीजे लावला, तर गाण्याचा परवाना लागतो का? कायदा काय सांगतो, अडतं कुठे

पनवेल : लगीनसराई सुरू झाली की पळस्पे, शिरढोण, कर्नाळा, तारा या मुंबई-गोवा महामार्गाच्या पट्ट्यात हळदीची रात्र डीजे किंवा बेंजोशिवाय होत नाही. पण गाणं कोणाच्या तरी मालकीचं असतं. मग ते वाजवायला परवाना लागतो का? ‘कॉपीराइटची केस होईल’ असं कोणी म्हटलं की यजमान आणि डीजेवाला दोघंही गोंधळतात.

कायद्यात याचं उत्तर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ (१) (झेडए) सांगतं की, खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात आणि सरकार किंवा स्थानिक संस्थेच्या अधिकृत कार्यक्रमात गाणं वाजवलं तर तो कॉपीराइटचा भंग नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक कार्यक्रमही यात धरले आहेत. २४ जुलै २०२३ रोजी केंद्राच्या उद्योग विभागाने जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितलं.

मग अडतं कुठे? याच हायवेच्या दुसऱ्या टोकाला, गोव्यात, ते दिसलं. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की लग्नसमारंभातल्या गाण्यांसाठी परवानगी किंवा पैसे मागता येणार नाहीत. संगीत कंपन्या कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. कायद्याचा अर्थ परिपत्रकाने वाढवता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

हा निकाल नीट समजून घ्यायला हवा. रद्द झालं ते परिपत्रक. कायद्यातली सवलत जशीच्या तशी आहे. फक्त एखादा कार्यक्रम त्या सवलतीत बसतो की नाही, हे प्रत्येक प्रकरण बघून कोर्ट ठरवणार. घरच्या अंगणातली हळद आणि वरात यांची बाजू भक्कम आहे. फार्महाऊसवरची थर्टी फर्स्टची पार्टी, हॉटेलातलं रोजचं संगीत, कंपनीचं गेट-टुगेदर यांना ही सवलत नाही. तिथे परवाना घ्यावाच लागतो.

शिक्षा किरकोळ नाही. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. कलम ६४ खाली वॉरंटशिवाय बेकायदा प्रती जप्त करण्याचा अधिकार फौजदार म्हणजे पीएसआय किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला आहे. कंपनीच्या माणसाला नाही. जप्ती झालीच, तर माल परत मिळवण्यासाठी १५ दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

कायदा इतका कडक आणि सवलत मात्र कोणाला ठाऊक नाही, इथेच गरिबाचं नुकसान होतं. मोठं हॉटेल वकील लावतं; गावचा डीजेवाला हंगामाचं भाडं बुडेल म्हणून तिथल्या तिथे मिटवतो. म्हणून कोणी पैसे मागितले तर आधी कंपनीचं नाव, गाण्यांची यादी आणि हक्काचा कागद मागावा. पैसे दिलेच तर पावती घ्यावी.

दुसरी बाजूही आहे. आगरी-कोळी गाणी लिहिणारी, गाणारी मंडळी याच पनवेल, उरण, पेण भागातली आहेत. त्यांचं गाणं हळदीत वाजलं तर नावच होतं. पण तेच गाणं कोणी परस्पर आपल्या चॅनलवर टाकून कमाई केली, तर हाच कायदा त्यांच्या कामाचा आहे. मेमरी कार्डात गाणी भरून विकणाऱ्या दुकानदारालाही लग्नाची सवलत लागू नाही.

आणि एक. कॉपीराइटची सवलत म्हणजे आवाजाची सवलत नव्हे. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम वेगळा आहे आणि तो हळदीलाही लागू आहे.