रस्त्यावर पीएचडी?

गेल्या रविवारी सकाळी सकाळी मारेगावहून मामांचा फोन. मामांनी फोन केला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. एरवी ते व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभातची फुलं पाठवून भागवतात.

“काय करून राह्यली हे पोरगी, तूच विचार तिले,” मामा म्हणाले. “अबे, रोडावर बसनाऱ्या बायाइवर कोनी पीएचडी करते का?”

पोरगी म्हणजे माझी मामेबहीण. मारेगावला शाळा, नागपूरला बीई, मग पुण्यात तीन वर्षं माझ्यासारखीच आयटीत. एक दिवस राजीनामा टाकला, समाजशास्त्रात एमए केलं, नेट दिली, जेआरएफ मिळवली. आता पीएचडी करायची म्हणते. विषय असा: तालुक्याची गावं नगरपंचायती झाली की तिथल्या रस्त्याचं, बाजाराचं, एसटी स्टँडचं काय होतं? कोण बसतं, कोण उठवलं जातं, आणि हे ठरवतं कोण?

घरातला ‘सेटल झालेला’ मुलगा मी. तेव्हा मी तिला समजवावं, असं ठरलं. आणि खोटं कशाला बोलू, मी समजवणारही होतो. फेलोशिप म्हणजे काय पगार नाही, दोन-तीन वर्षांचा गॅप, वय... सगळी यादी मनात तयार होती. पण फोन हातात घेतला आणि एक चहाची टपरी आडवी आली.

पुण्यात आमच्या ऑफिससमोर ही टपरी होती. सकाळी अकरा आणि दुपारी चार, या आमच्या तिथे हजेरी लावायच्या ठरलेल्या वेळा. मीटिंगमध्ये जे बोलता येत नाही ते सगळं तिथे बोललं जायचं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मेल फिरवली: फुटपाथवरचं अतिक्रमण हटवा, सार्वजनिक जागा मोकळी करा, खाली नाव घाला. मी घातलं. दहा सेकंदांचाही विचार केला नाही. फुटपाथ मोकळा हवा यात वाद घालण्यासारखं आहेच काय? पंधरा दिवसांत टपरी गेली. त्या दिवशी चार वाजता सवयीने खाली उतरलो आणि रिकाम्या जागेसमोर मूर्खासारखा उभा राहिलो.

महिन्याभराने टीममधली एक मुलगी म्हणाली, हल्ली रात्री साडेनऊला बसस्टॉपपर्यंत चालत जायची भीती वाटते. आधी टपरीचा दिवा असायचा, चार माणसं उभी असायची, टपरीवाल्या काकू सगळ्यांना चेहऱ्याने ओळखायच्या. आता ती रोज कॅब करते. आणि तो मोकळा झालेला फुटपाथ? त्यावर सगळ्यात आधी उभ्या राहिल्या त्या आमच्याच बाइक्स.

आता आयटीवाल्यांनो, एक सांगा. प्रॉडक्शनवर चालू असलेल्या कोडमध्ये तुम्हाला एक जुनं, कुरूप फंक्शन दिसलं. नाव धड नाही, कमेंट नाही, लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला. तुम्ही काय करता? दिसायला वाईट आहे म्हणून उडवता? उडवून बघा एकदा, तेही शुक्रवारी संध्याकाळी! शहाणा माणूस आधी शोधतो की हे कुठून कुठून कॉल होतंय, कशाकशाला आधार देतंय. मगच हात लावतो. रस्त्याच्या बाबतीत मात्र आपण सगळे पहिल्या दिवशीचे ट्रेनी. दिसलं की उडव.

माझी मामेबहीण जे करू पाहतेय ते एवढंच आहे. उडवण्याआधी कोण कोणावर अवलंबून आहे ते शोधणं. हे काम आपल्या कंपनीत केलं तर त्याला आर्किटेक्ट म्हणतात आणि वर्षाला चाळीस लाख देतात. रस्त्यावर केलं की ‘आर्ट्सवाली’!

हे काहीतरी नवं परदेशी फॅड आहे असं वाटत असेल, तर जरा मागे जाऊ. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला, तेव्हा प्राध्यापकाच्या खुर्चीत बसले पॅट्रिक गेडिस. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ, कामाने नगररचनाकार. पाडापाडीच्या आधी वस्तीतून पायी फिरा, लोक जागा कशी वापरतात ते पाहा, मग कमीत कमी कापाकापी करा, हा त्यांचा आग्रह. म्हणजे मुंबईतल्या समाजशास्त्राची सुरुवातच शहरं निरखणाऱ्या माणसाने झाली. नंतर धनंजयराव गाडगीळ. सहकारी साखर कारखान्यांमुळे त्यांचं नाव आपल्याला माहीत असतं. पण याच गाडगीळांनी गोखले इन्स्टिट्यूटतर्फे १९३० च्या दशकात पुणे शहराचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण केलं. लोक काय काम करतात, किती कमावतात, कसे राहतात, हे घरोघरी विचारलं. त्याचा पहिला भाग १९४५ साली आला, दुसरा १९५२ साली. हा माणूस पुढे नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष झाला. ‘काय दिवे लावले’ असं त्यांना कोणी विचारलं नसावं.

आज मात्र विचारतात. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, फेलोशिपचा विषय निघाल्यावर, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला होता. त्यांच्यावर टीका खूप झाली. पण प्रामाणिकपणे सांगा, आपल्या घराघरांत हाच प्रश्न विचारला जात नाही का? मामा तरी दुसरं काय विचारत होते?

तर घ्या, एक दिवा दाखवतो. मुंबईत रस्त्यावर विक्री करणारे किती? महापालिकेचे परवाने होते पंधरा हजारांच्या आसपास, आणि १९७८ पासून नवे परवाने देणं जवळजवळ बंदच. म्हणजे कागदावरची मुंबई तेवढीच. मग १९९८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि युवा या संस्थेने महापालिकेसाठी प्रत्यक्ष मोजणी केली. महापालिकेच्या जागांवरच आकडा निघाला १,०२,४०१. जवळपास सातपट! एवढा मोठा फरक तुमच्या डेटाबेसमध्ये निघाला असता तर मॅनेजरने रात्रभर बसवलं असतं. त्याच सुमारास शरित भौमिक या समाजशास्त्रज्ञाने देशातल्या सात शहरांतल्या फेरीवाल्यांचा अभ्यास केला. हा माणूस आयुष्यभर, २०१६ साली जाईपर्यंत, रस्त्यावर काम करणाऱ्यांचा अभ्यास करत राहिला. फेरीवाल्यांसाठीचं राष्ट्रीय धोरण २००४ साली आलं, २००९ साली सुधारलं, आणि २०१४ साली संसदेने कायदा केला. तो नुसत्या मोर्चांनी झाला नाही. मोर्चाच्या हातात आकडे होते, आणि ते कुणीतरी उन्हात उभं राहून गोळा केले होते.

आणि माझ्या टीममधल्या मुलीचं काय? तिच्या भीतीचाही अभ्यास झालेला आहे, हे मला टपरी गेल्यावर कळलं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईत काही वर्षं संशोधन करून २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं. पुरुष रस्त्यावर नुसता उभा राहू शकतो. बाईला मात्र काहीतरी कामाला निघाल्याचं दाखवावं लागतं, मग ती भरभर चालते, फोन कानाला लावते. या तिघींचं म्हणणं असं की फेरीवाले आणि गरीब यांना हाकलून रस्ता बायकांसाठी सुरक्षित होत नाही. जागेवरचा हक्क सगळ्यांचा मिळून असतो. मी ते मेल पुढे ढकलण्याआधी हे वाचलं असतं तर?

कुणी म्हणेल, सार्वजनिक जागा म्हणजे सगळ्यांची, त्यात संशोधन कसलं? अहो, ‘सगळ्यांची’ हाच तर वादाचा शब्द आहे. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. त्यानंतर ते तळं सार्वजनिक आहे की खासगी याचा निकाल उच्च न्यायालयातून लागायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं! आणि गिरण्यांच्या जमिनी घ्या. १९९१ च्या नियमात त्या जमिनीचे तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला: वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे, बांधकाम उभं आहे त्या जागेचे नाहीत. एवढी एक कंडिशन बदलली आणि शहराच्या वाट्याची बाग गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. आपल्यातले कितीजण लोअर परळला त्याच जमिनीवरच्या काचेच्या इमारतीत बसून हा कोड आणि तो कोड लिहितात? मला वाटतं, ती ओळ बदलली तेव्हा ती वाचू शकणारी माणसं आपल्याकडे फार थोडी होती.

असो. आता मामांचा खरा मुद्दा, पैशांचा. इथे मामांचं बरोबर आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय हा लेख लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. जेआरएफची रक्कम २०२३ पासून महिना ३७ हजार झाली, पण ती संपल्यावर काय? प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि कॉलेजांत पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशोबाने शिकवतायत. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी मुलांना आंदोलनं करावी लागली. बहिणीला मी ‘जा, सगळं छान होईल’ असं सांगू शकत नाही. पण म्हणून काम निरुपयोगी ठरत नाही. उपयोगाच्या कामाला आपण पैसे देत नाही, एवढंच ठरतं. ही लाज तिची नाही, आपली आहे.

आणि हे काम पुण्या-मुंबईत तरी थोडंफार होतं. मारेगावात कोण करणार? राज्य सरकारने तालुक्याच्या गावांना नगरपंचायती केलं त्यात मारेगावही आलं. २०१४ चा कायदा नगरपंचायतीलाही लागू आहे. पाच वर्षांतून एकदा तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, आणि समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेतेच हवेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका. कायदा झकास आहे. पण वणी-करंजी रस्त्याच्या कडेला, पोडावरून टोपल्या घेऊन आलेली कोलाम बाई कोणत्या रकान्यात बसते हे एखाद्या क्लार्कने एका दुपारी ठरवायचं का? ती आठवड्यातून एकदाच येते. सर्वेक्षण दुसऱ्या दिवशी झालं तर ती अस्तित्वातच नाही!

रात्री मी मामांना परत फोन केला. त्यांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर आहे. दुकानासमोर बाया बसतात म्हणून ते वर्षानुवर्षं कुरकुरत आलेत. मी विचारलं, “मामा, बाजाराच्या दिवशी गल्ला किती होतो?”

“त्या दिवशी तं श्वास घ्याले टाइम नसते. बाकी दिवस माशा मारतो.”

“आणि उद्या कुणी ठरवलं, रस्ता अडतो म्हणून बाजार दोन किलोमीटर बाहेर न्यायचा, तर?”

थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “हे मोजलं हाय का कोनं?”

“तेच मोजायला चालली आहे ती.”

मामा पटले असं समजू नका. पुढची पंधरा मिनिटं लग्नाचा विषय झाला आणि शेवटी पुन्हा “पन पगाराचं काय?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण वर्षभर तिच्या खोलीचं भाडं मी देणार, असं सांगून टाकलं. महिना सहा हजार. चारच्या चहाच्या वेळी आता मी ऑफिसखालच्या कॅफेत जातो. तिथे महिन्याला मी जवळपास तेवढेच उडवतो.