प्रश्नाचा मान

आसनगाव स्थानकावर उतरून शहापूरमार्गे सह्याद्रीच्या दिशेने निघाले की भातखाचरांच्या कडेकडेने जाणारा रस्ता डोळखांबला पोहोचतो. त्यापलीकडे आजोबाचा उंच डोंगर उभा आहे आणि सभोवार रान पसरलेले आहे. या भागातील मुलांना अजगर म्हणजे काय हे चित्र दाखवून शिकवावे लागत नाही. अशा मुलांच्या वर्गात संगणकाचा पाठ सुरू झाला आणि 'पायथॉन' हा शब्द उच्चारला गेला, तर एखादा मुलगा हमखास विचारील, "गुरुजी, पायथॉन म्हणजे अजगरच ना? मग संगणकाच्या भाषेला अजगराचे नाव कशाला?" यावर वर्गात हशा पिकेल आणि मुलगा वरमून खाली बसेल.

वस्तुतः त्या प्रश्नात हसण्याजोगे काहीच नाही. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ सालच्या डिसेंबरात ही भाषा रचावयास घेतली आणि १९९१ साली ती लोकांपुढे ठेवली. दूरचित्रवाणीवरील 'मॉन्टी पायथॉन्स फ्लाइंग सर्कस' हा ब्रिटिश विनोदी कार्यक्रम त्यांच्या आवडीचा होता. त्यावरून त्यांनी भाषेचे नाव ठेवले, अजगरावरून नव्हे. एवढे उत्तर मिळाले तरी मुलाला एक मोठी गोष्ट कळते. ही भाषा आकाशातून पडलेली नसून कोणा माणसाने विचारपूर्वक घडविलेली आहे; आणि जे माणसाने घडविले, त्याविषयी 'हे असे का?' असे विचारण्याचा अधिकार प्रत्येक शिकणाऱ्याला आहे.

प्रश्न विचारणे म्हणजे आपले अज्ञान चारचौघांत उघडे करणे, अशी एक समजूत पुष्कळ वर्गांत रूढ आहे. ही समजूत सर्वच विषयांत घातक आहे. पण संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यास शिकताना ती विशेष घातक ठरते. कारण संगणक कोणाचाही मुलाहिजा राखत नाही. एक चिन्ह चुकले तरी तो अडतो, आणि त्याहून कठीण म्हणजे पुष्कळदा न अडता चुकीचेच उत्तर देतो.

समजा, एखाद्या मुलीने घरच्या भाताचा हिशेब करणारी आज्ञावली लिहिली. एका शेतात ४० पोती भात झाले, दुसऱ्यात २५. संगणकाने दोन्ही आकडे विचारले, तिने ते भरले आणि बेरीज मागितली. उत्तर आले, ४०२५! इतके भात तर साऱ्या गावातही निघेल की नाही, कोण जाणे. अशा वेळी "माझे गणित कच्चे आहे" असे समजून ती गप्प बसली, तर तिचे नुकसान होते. "असे का झाले?" असे तिने विचारले, तर मात्र तिला भाषेचे एक मर्म सापडते. बाहेरून विचारून घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथॉन प्रथम अक्षरे म्हणूनच स्वीकारते आणि अक्षरांची बेरीज म्हणजे ती एकापुढे एक जोडणे. ती अक्षरे नसून संख्या आहे, असे 'इंट' या आज्ञेने सांगितले की उत्तर ६५ येते. चूक मुलीच्या गणिताची नव्हती. संख्या आणि संख्येचे लेखन यांतील भेद तिला कोणी सांगितला नव्हता, इतकेच.

दुसरा प्रश्न गणितात हुशार असलेल्या मुलालाच पडतो. 'पोती' बरोबर 'पोती अधिक एक' असे पायथॉनमध्ये लिहिता येते. हे कसे शक्य आहे? कोणतीही संख्या स्वतःहून एकाने मोठी कशी असेल? त्याची शंका रास्त आहे. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ साली समानतेसाठी दोन समांतर रेघांचे चिन्ह योजिले, तेव्हापासून त्याचा जो अर्थ गणितात चालत आला, तो या ठिकाणी नाही. पायथॉनमध्ये ते एकच चिन्ह म्हणजे आज्ञा होय: उजवीकडचे मूल्य आधी काढा आणि ते डावीकडच्या नावाला द्या. समानता विचारावयाची असेल, तर तेच चिन्ह दोनदा लिहावे लागते. ज्याला हा प्रश्न पडलाच नाही, त्याने गणितातील चिन्हाकडे कधी नीट पाहिले नाही, असेच म्हणावे लागेल.

तिसरा प्रश्न मराठी मुलांचा खास आपला आहे. "मराठी आकडे का चालत नाहीत?" आज्ञावलीत थेट मराठी ४० लिहिले, तर पायथॉन चूक दाखविते, तेथे इंग्रजी आकडेच लागतात. परंतु बाहेरून विचारून घेतलेल्या उत्तरात कोणी मराठी आकडे भरले, तर तीच 'इंट' आज्ञा ते बिनचूक ओळखते. शिवाय २००८ साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून मूल्यांना 'पोती' किंवा 'शेत' अशी देवनागरी नावेही देता येतात. आणि ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतात, तेही मूळचे भारतातलेच. अरबांच्या मार्फत ते युरोपात गेले. एका साध्या प्रश्नातून किती दूरवर जाता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

असे असले, तरी प्रत्येक बोलणे म्हणजे प्रश्न नव्हे. "माझे चालत नाही," एवढे म्हणणे म्हणजे वैद्याकडे जाऊन "बरे वाटत नाही," एवढेच सांगण्यासारखे आहे. प्रश्न विचारणे ही एक विद्या आहे, आणि तिचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ रचला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या आरंभी जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला, असे तेथील शिलालेख सांगतो. 'लीलावती'त एक मोर नऊ हात उंचीच्या खांबावर बसला आहे. खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे. बिळापासून सत्तावीस हातांवर साप आहे आणि तो बिळाकडे येत आहे. त्याला पाहून मोर तिरपी झेप घेतो. दोघेही सारखेच अंतर चालतात; तर बिळापासून किती हातांवर ते एकत्र येतील? उत्तर आहे, बारा हात. या प्रश्नात उंची, अंतर आणि सारखी चाल या तिन्ही गोष्टी स्पष्ट दिल्या आहेत. यांपैकी एकही गाळली, तर थोर गणितज्ञालाही उत्तर देता येणार नाही.

विद्यार्थ्याने आपला प्रश्न याच रीतीने मांडावा. काय लिहिले, काय घडेल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय घडले, ही तीन वाक्ये त्यात असावीत. संगणक जी चूक दाखवितो, तिची शेवटची ओळ आणि तिच्याबरोबर दिलेला ओळीचा क्रमांक वाचून मग विचारावे. ती ओळ इंग्रजीत असते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. प्रश्न मराठीतच विचारावा. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाचे संगणकाविषयीचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. मराठीत हा विषय शिकता येतो, याची याहून वेगळी खात्री नको. आणि पुष्कळदा असे घडते की, ही तीन वाक्ये लिहिता लिहिताच उत्तर सापडते.

काहींचे म्हणणे असे की, वर्गात वेळ थोडा, मुले अनेक आणि प्रश्न दरवर्षी तेच. शिक्षकांनी किती वेळा उत्तरे द्यावीत? ही अडचण खरी आहे. परंतु प्रश्न शिक्षकांना जुना असला, तरी मुलाला तो नवाच असतो. शिवाय जो प्रश्न दरवर्षी येतो, तो पाठात कोठे खळगा आहे हेच दाखवितो. असे प्रश्न वर्गाच्या एका वहीत उत्तरांसह लिहून ठेवले, तर एकाने विचारलेले दहा जणांच्या उपयोगी पडेल.

आता तर विचारताक्षणी संपूर्ण आज्ञावली लिहून देणारी साधनेही निघाली आहेत. त्यांचा उपयोग करू नये असे नाही. पण जेथे अडले ते स्वतःला कळण्यापूर्वीच उत्तर हाती आले, तर वही भरते आणि डोके रिकामे राहते. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून डोंगर चढलेल्याला वाट ठाऊक होत नाही.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च प्राथमिक वर्गांपासून संगणकाच्या आज्ञावलींचा परिचय करून द्यावा असे म्हटले आहे. म्हणजे हा विषय आज ना उद्या प्रत्येक गावातील शाळेत पोहोचावयाचा आहे. ज्याच्या घरी संगणक जाणणारे कोणी आहे, त्याचा वर्गात अडलेला प्रश्न घरी सुटू शकतो. पण ज्याच्या घरी असे कोणी नाही, त्याला विचारावयास वर्गाखेरीज दुसरी जागा नसते. तेथे त्याला कोणी हसले, तर तो प्रश्न कायमचा मिटतो आणि त्याबरोबर बहुधा तो विषयही. म्हणून शेजारच्या बाकावरील मुलगा प्रश्न विचारावयास उभा राहिला, तर इतरांनी हसू आवरून कान द्यावा. कदाचित तोच प्रश्न त्यांनाही पडलेला असेल. फक्त उभे राहण्याचे धैर्य त्याने दाखविले.